बाईंचं सकाळचं वाचन

खोली मिळाली त्या दिवशीच मला संशय आला होता. बारामतीत डी.एड.ला माझा नंबर लागला होता, कॉलेजचं वसतिगृह भरलेलं होतं आणि निमगाव केतकीच्या अलीकडच्या आमच्या वस्तीवरून रोज एसटीनं ये-जा करायची म्हटली तर पहिला तास रोज बुडणार होता. कॅनॉलच्या बाजूला एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात आणि शिकणाऱ्या मुलीला खोली देतात, असं कॉलेजच्या शिपाईमामांनी सांगितलं. मी गेले तेव्हा बाई पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान एका अंगाला वळवली आणि माझ्याकडं तिरकं पाहिलं, चोराकडं बघावं तसं. मला ते मुळीच आवडलं नाही.

"एकच अट आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी अर्धा तास मला वाचून दाखवायचं. जमेल?"

पेपर वाचायचा असेल, असं मी समजले आणि हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फडक्यात बांधलेलं जाड काळं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं. पानांच्या कडा लाल, कोपरे हाताळून गोल झालेले. भिंतीवर येशूचं चित्र होतं ते मी आदल्या दिवशी पाहिलं होतं, पण त्याचा नि माझ्या अर्ध्या तासाचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता सगळं लख्ख कळलं. एकटी बाई, गावाकडची साधी पोरगी, खोली आणि रोजचं वाचन. कोण कुणाला कसं बाटवतं याच्या गोष्टी तेव्हा एसटी स्टँडवर, पानाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात सतत चाललेल्या असायच्या. नव्वदच्या दशकाचा तो मधला काळ. मी त्या गोष्टी ऐकतच मोठी झाले होते.

तरी मी वाचलं. कारण खोली सोडली असती तर कॉलेज सुटलं असतं, आणि कॉलेज सुटलं असतं तर घरी माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली असती.

बाईंना तिरकं बघायची सवय का आहे, ते आठवड्याभरानं कळलं. डोळ्यांच्या पडद्याची काहीतरी खराबी होती. समोरचं सगळं पुसट व्हायचं आणि कडेचं तेवढं दिसायचं, म्हणून माणूस बघायचा तर त्या तोंड फिरवून बघायच्या. कारण कळलं, पण त्या नजरेची माझी धास्ती काही गेली नाही. चहा गाळताना, वेणी घालताना, पुस्तकात डोकं घातलेलं असताना वाटायचं, त्या कडेनं आपल्याला न्याहाळताहेत.

वाचनाची पद्धत ठरलेली होती. चर्चमधून आलेली वाचनांची छापील यादी भिंतीला चिकटवलेली होती. त्यात त्या दिवसाचा भाग बघायचा, तेवढाच वाचायचा आणि पुस्तक मिटायचं. त्या उपदेश करत नसत. प्रार्थना करायच्या तीसुद्धा मी खोलीत गेल्यावर. फक्त पुस्तक मिटलं की एक प्रश्न विचारायच्या, "आज हे कुठं दिसेल?"

म्हणजे काय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"दिवसभरात कुठंतरी दिसेल. दिसलं तर संध्याकाळी सांग. नाही दिसलं तर नाही सांगायचं."

हाच तो गळ, असं मी मनाशी ठरवून टाकलं. उपदेश केला तर पोरगी बिथरेल, म्हणून तिलाच शोधायला लावायचं. पहिले पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी "नाही दिसलं" म्हणायची आणि त्या "बरं" म्हणून भाकरीला लागायच्या. मला कधी कधी वाटायचं, त्यांनी थोडा तरी आग्रह करावा, म्हणजे माझा संशय खरा ठरेल.

मग सराव पाठ सुरू झाले. जवळच्या एका गावच्या शाळेत आम्हाला पाठ घ्यायला पाठवायचे. त्या दिवशी सकाळी दिव्याचा भाग वाचला होता. दिवा लावून कुणी मापाखाली झाकून ठेवत नाही, उंच दिवठणीवर ठेवतो, म्हणजे घरातल्या सगळ्यांना उजेड मिळतो, असं काहीसं होतं. दुपारी मी चौथीला भूगोल शिकवायला उभी राहिले आणि वर्गाच्या गुरुजींना पृथ्वीचा गोल मागितला. गुरुजी स्टुलावर चढले. कपाटावरून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला गोल काढला आणि पिशवी न सोडताच माझ्या हातात दिला. "पिशवीतनंच दाखवा. पोरं हात लावून खराब करत्यात. पाच वर्षं झाली, बघा कसा नवाच्या नवा हाय."

मला हसू आलं आणि पाठोपाठ स्वतःचाच राग आला. कारण पिशवीतला तो गोल बघताना मला सकाळचा झाकलेला दिवा आठवला होता. मी काही शोधायला गेले नव्हते. आपोआप आठवला.

संध्याकाळी सांगावं की नाही, यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी न राहवून सांगितलंच. बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "मीही एकदा नकाशे असेच ठेवले होते," त्या म्हणाल्या. "वाळवी लागली त्यांना."

त्या हसल्या तेव्हा मला बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणूनच भीती वाटली. एकेक पायरी असंच उतरवतात, असं मी स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

बी पेरणाऱ्याची गोष्ट होती. काही बी वाटेवर पडतं ते पाखरं खातात, काही खडकाळ जमिनीत, काही काट्यांत, आणि काही चांगल्या मातीत. मी वाचताना काट्यांचा भाग गाळला. आवाज तसाच ठेवला, थांबले नाही. खडकावरून सरळ चांगल्या जमिनीत गेले.

"काट्यांमधलं बी कुठं गेलं?" बाई म्हणाल्या.

मी पान मागं उलटवलं.

"परवा उरलेल्या भाकरींच्या बारा टोपल्या होत्या, त्या तू दहा वाचल्यास. मला वाटलं, नजरचूक असेल. आज नजरचूक नाही. तू मला तपासतेस का?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"तपास की. पण आता तुला कळलं असेल की मला हे पाठ आहे."

तेच तर मला कळलं होतं, आणि त्यानं माझं डोकं भणभणत होतं. मी पुस्तक मिटलं. "पाठ आहे तर मग मला कशाला वाचायला लावता? खरं सांगा. माझ्यासाठीच ना हे सगळं?"

बाईंनी तोंड फिरवलं आणि कडेनं माझ्याकडं पाहिलं. "पाठ असलेलं माणूस आपल्या सोयीनं आठवतं. नको ते गाळतं. तू आत्ता काटे गाळलेस ना, तसंच. तू मुद्दाम गाळलेस, माझ्याकडून नकळत गाळलं जातं. म्हणून दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं. माझा माझ्यावर भरवसा नाही, असं समज."

उत्तर पटण्यासारखं होतं. पण पटण्यासारखी उत्तरं तयार ठेवणारी माणसं असतात, हेही मला ठाऊक होतं. मी तेवढ्यावर सोडलं नाही, पुढं लक्ष ठेवायचं ठरवलं.

महिनाभरात बातमी वस्तीवर पोचली. कुणी पोचवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका बाजारच्या दिवशी सकाळीच आबा, म्हणजे माझे वडील, बाईंच्या दारात हजर झाले. आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. शेताला पाणी आलं आणि मेंढरं गेली, ऊस आला. पण खांद्यावरचं घोंगडं आणि चारी बाजूंना फिरणारी नजर, दोन्ही तशीच राहिली होती. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. पायरीवर टेकले. बाईंनी चहा दिला, त्याला त्यांनी हात लावला नाही.

"पोरीला काय वाचाय लावता, त्ये ऐकाय आलोय," आबा म्हणाले. "माझ्यासमूर वाचू दे."

"बसा की," बाई म्हणाल्या.

मी यादी पाहिली. त्या दिवशीचा भाग होता हरवलेल्या मेंढराचा. मी शीर्षक वाचलं आणि आबांचे डोळे बारीक झाले. "मी येनार म्हून ह्येच काडलं व्हय? मेंढरंवाला म्हून?"

"यादी छापलेली आहे. तुमच्या मुलीला विचारा."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. यादीत खरोखर तेच होतं. तरीही मी मागचा आणि पुढचा आठवडा बोटानं ताडून बघितला, मगच मान हलवली.

मी वाचलं. एकाची शंभर मेंढरं असतात. एक हरवतं. तो नव्व्याण्णव रानात सोडतो आणि एकाच्या मागं जातो. सापडलं की आनंदानं खांद्यावर घेतो, घरी येतो, शेजाऱ्यांना बोलावतो.

आबांनी हात वर केला. "थांब. नव्व्यान्नव कुनाच्या हवाली केली?"

मी पुस्तकात पाहिलं. "तसं काही लिहिलेलं नाही."

"मग खोटं हाय. रानात नव्व्यान्नव सोडून एकामागं जानारा येडा तरी असंल, न्हायतर त्यानं मेंढरं राखलीच न्हाईत. लांडगा काय वाट बगतोय व्हय, मालक कदी येतोय म्हून?"

मला वाटलं, आता बाई दुखावतील. त्या मात्र पायरीच्या दिशेनं सरकून बसल्या. "साठ वर्षं हे ऐकतेय," त्या म्हणाल्या. "चर्चच्या पाळकांनी सांगितलं, शाळेत शिकवलं, मी स्वतः शिकवलं. हा प्रश्न कुणी विचारला नाही. मग तुमचं काय म्हणणं?"

आबांना याची अपेक्षा नव्हती. भांडायला आलेल्या माणसाला कुणी मत विचारलं की त्याची पंचाईत होते. त्यांनी घोंगडं सारखं केलं. "एकट्यानं मेंढरं राखत न्हाईत. त्येच्यासंगं आनखी कुनीतरी आसनारच. भाऊ म्हना, बायकू म्हना. त्येच्या जिवावर ह्यो गेला. त्याचं नाव लिवनाऱ्यानं घातलं न्हाय, येवढंच."

"आणि खांद्यावर घेतलं, ते?"

"त्ये खरं हाय," आबा लगेच म्हणाले. "चुकलेलं मेंढरू बसून घेतं. हाकललं तरी उठत न्हाय, भ्यालेलं आसतं. त्येला उचलूनच आनावं लागतं. मी आनल्यात. मान दुकती दोन दिस." मग त्यांनी जोडलं, "ज्यानं ह्ये लिवलं त्येनं बगितल्यालं हाय. आईकून लिवल्यालं न्हाय."

गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई वाईट न्हाय. पर तू डोळं उगडं ठिवून वाच. कोन हितं न्हाय, कुनाचं नाव घातलं न्हाय, त्ये बगत जा."

त्यांनी परवानगी दिली की इशारा दिला, हे मला तेव्हा कळलं नाही. पण त्या दिवसानंतर मी वेगळ्या रीतीनं वाचायला लागले. आधी मी बाईंवर संशय घेत होते, आता प्रत्येक गोष्टीवर घेऊ लागले. उधळ्या मुलाच्या गोष्टीत आई कुठं आहे? लग्नाच्या जेवणात पाण्याचा द्राक्षारस झाला, ते पाणी ओढणाऱ्या चाकरांची नावं काय? बाई प्रत्येक प्रश्नाला "बघ, बघ" म्हणायच्या. काही प्रश्नांवर आम्ही संध्याकाळभर बोलत राहायचो, त्या भाजी निवडत आणि मी वह्या पूर्ण करत.

थंडी पडायला लागली होती तेव्हा तो भाग आला. तू वेदीजवळ अर्पण घेऊन गेलास आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर आणि मग ये. या अर्थाचा. मी जेमतेम पहिलं वाक्य वाचलं असेल.

"पुढचं वाच," बाई म्हणाल्या.

"अजून हे संपलं नाही."

"माहीत आहे. पुढचं वाच."

मी पुढचं वाचलं, पण मनात खूण करून ठेवली. काट्यांमधलं बी गाळलं तर मला धरणाऱ्या बाई आज स्वतः गाळायला सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादीकडं न बघता तोच भाग उघडला आणि पहिल्यापासून वाचला. मला त्यात थोडी खुनशी मजा वाटत होती, हे कबूल करते.

"हे आजचं नाही," बाईंचा आवाज चढला.

"कालचं राहिलं होतं. तुम्हीच म्हणाला होता, नको ते गाळलं जातं म्हणून वाचून घ्यायचं."

"तू दुसरी खोली बघ," बाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मी कॉलेजला गेले. संध्याकाळी परतले तर बाई पायरीवरच बसलेल्या, हातात काहीच काम नाही. मी शेजारी बसले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्यांची एक धाकटी बहीण इंदापुरात होती. पस्तीस वर्षं त्यांनी तिच्याशी बोलणं ठेवलं नव्हतं. बाई तिशीच्या होत्या तेव्हा त्यांच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांशी त्यांचं लग्न ठरल्यात जमा होतं. ते दुसऱ्या समाजातले होते, म्हणून नोंदणी लग्न करायचं दोघांनी ठरवलं होतं. घरी सांगायचं बाकी होतं. तेवढ्यात शाळेच्या समितीकडं निनावी पत्र गेलं. दोघांविषयी नको नको ते लिहिलेलं. मुख्याध्यापकांनी ते बाईंच्या समोर टेबलावर ठेवलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं काढलेलं, वेडंवाकडं. पण त्यातला 'ळ' बाईंनी ओळखला. शेपटीला गाठ मारलेला 'ळ'. बहिणीला लिहायला त्यांनीच शिकवलं होतं आणि लहानपणी ती तसाच 'ळ' काढायची. बाईंची बदली झाली. ते शिक्षक नोकरी सोडून निघून गेले, पुन्हा कधी भेटले नाहीत. बाईंनी बहिणीला काही विचारलं नाही. फक्त बोलणं बंद केलं.

"आता तू म्हणशील, जा, माफ कर," बाई म्हणाल्या. "चर्चमधले सगळे तेच म्हणतील. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही."

मी तसं म्हणणार नव्हते. मला आबांसारखंच एक वाक्य खटकत होतं. "बाई, त्यात माफ कर असं लिहिलेलंच नाही. तुमच्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं नाही लिहिलेलं. त्याच्या मनात तुमच्याविषयी काही असेल तर, असं आहे. तुमच्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. तिच्या मनात तुमच्याविषयी काय आहे?"

बाईंनी माझ्याकडं कडेनं पाहिलं आणि बघतच राहिल्या. "पुन्हा वाच ते," त्या म्हणाल्या.

मी पुस्तक आणलं आणि वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी ते उलटं ऐकत आले."

खोली बघायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघी इंदापूरच्या एसटीत बसलो. काटेवाडी गेली, लासुर्णे गेलं, निमगाव केतकी मागं पडलं. बाई खिडकीला टेकून बसल्या होत्या. दोन वेळा त्यांनी पुढच्या थांब्यावर उतरून परत जाऊ या असं म्हटलं. मी तिकिटं मुठीत धरून बसून राहिले.

बहीण पन्नाशीच्या पुढची, विधवा, घरीच शिवणकाम करणारी. दार उघडून ती तशीच उभी राहिली. तिच्या गळ्यात टेप होता. "काय पाहिजे?" ती म्हणाली. तिचा स्वर मला चांगलाच ओळखीचा होता. मी पहिल्या दिवशी बाईंच्या पायरीवर याच मनानं उभी होते.

"एक विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "तुझ्या मनात माझ्याविषयी काय आहे?"

बहिणीनं दार पुढं लोटलं नाही आणि उघडलंही नाही. मग एकदम म्हणाली, "आत ये. लोकं बघतात."

आम्ही आत गेलो. तिनं पाणी दिलं. मशीनच्या स्टुलावर बसली आणि खाली बघत बोलायला लागली. "ते पत्र मीच लिहिलं, ताई. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण मजकूर बाबांचा होता. त्यांना तुमचं कळलं होतं. संध्याकाळची उपासना झाली, आई आत गेली आणि त्यांनी मला कागद दिला. त्यांचं अक्षर शाळेत सगळ्यांना माहीत होतं म्हणून मी लिहायचं. डाव्या हातानं लिही म्हणाले. मी सतरा वर्षांची होते. अर्थ कळत नव्हता असं म्हणणार नाही. कळत होता."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का? तू विचारशील म्हणून मी वाट बघितली. तू बोलणंच टाकलंस. माझ्या लग्नाला आली नाहीस. माझे मालक गेले, तेव्हा आली नाहीस. मी एकदा चूक केली, तू पस्तीस वर्षं केलीस. माझ्या मनात हे आहे."

बाईंचे हात मांडीवर उलटे पडले होते. थोड्या वेळानं उठल्या आणि आम्ही निघालो. गळ्यात पडणं, रडणं, असं काही झालं नाही.

परतीच्या एसटीत त्यांनी मला विचारलं, "ती खरं बोलली असं तुला वाटतं? मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं असतं."

"मला कसं कळणार?"

"बाबा रोज आम्हाला शास्त्र वाचून दाखवायचे. घरात मोठ्यानं बोलायचे नाहीत. ते असं करतील?" लासुर्णे मागं पडल्यावर त्या म्हणाल्या, "करतील. माझ्यासाठी चांगलंच करतोय असं समजून करतील."

त्यानंतर आठ दिवस वाचन बंद होतं. मी सकाळी पुस्तक काढायची आणि त्या नको म्हणून हात करायच्या. मला वाटलं, संपलं. ज्या गोष्टीची मला इतकी भीती होती ती आपोआप टळली आणि मला त्याचं वाईट वाटत होतं. नवव्या दिवशी त्या स्वतःच समोर येऊन बसल्या. "हे सगळं मला बाबांच्या आवाजात पाठ आहे," त्या म्हणाल्या. "प्रत्येक ओळ. आता त्या आवाजावर माझा विश्वास राहिलेला नाही. तू वाच. हळू वाच. मी पाठ असल्यासारखं नाही, पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकते. जमतं का बघू."

मी वाचलं. त्या मधेच थांबवायच्या, एखादं वाक्य पुन्हा वाचायला सांगायच्या, कधी "हे मला पटत नाही" म्हणायच्या. देवाच्या पुस्तकासमोर बसून कुणी असं म्हणतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडंही नाही.

मी ख्रिस्ती झाले नाही. बाईंनी मला कधी व्हायला सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर मी त्या दिवशीच पेटी उचलली असती. पुढं मी शिक्षिका झाले, सुप्याच्या बाजूला नोकरी केली, घरचे देव घरीच पूजते. पण कुठलंही वाचन, आमच्या पोथीचं असो की कुणाचं, ते ऐकताना मला लगेच हात जोडता येत नाहीत. आधी मी बघते, यात कोण नाही, आणि मी कोणती ओळ उलटी ऐकतेय. मला श्रद्धा म्हणून काही मिळालं असेल तर ते एवढंच आहे आणि ते संशयातूनच मिळालं. यात विरोध आहे असं मला वाटत नाही. बाईंनाही वाटलं नसतं.

इंदापूरला जाणं मात्र त्यांनी सोडलं नाही. दर रविवारी नाही, पण महिन्यातून एक-दोनदा. सोबतीला मी असायची. बहिणीचं म्हणणं त्यांना शेवटपर्यंत पुरतं पटलं नव्हतं, हे मला माहीत आहे. पटलं नाही तरी जाता येतं, असं त्या म्हणायच्या. दोघी जुजबी बोलायच्या. गुडघेदुखीचं, गॅसच्या नंबरचं, नाताळच्या करंज्यांत खोबरं किती घालायचं याचं. बाबांचं नाव निघायचं नाही.

एका रविवारी आम्ही गेलो तर दार बंद. कडी वाजवली, हाका मारल्या, कुणी उघडलं नाही. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो आमच्या हाकेसरशी थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. आम्ही तासभर पायरीवर बसलो. बाईंनी डब्यातली पोळी मला खायला लावली. मग आम्ही स्टँडवर आलो आणि बारामतीला परत गेलो. मला फार राग आला होता.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा निघाल्या. मी म्हटलं, कशाला? त्यांनी पिशवी उचलली आणि चालू लागल्या, मग मलाही जावं लागलं. त्या दिवशी दार उघडं होतं. बहिणीनं आमच्याकडं न बघताच ताटं मांडली होती, तीन.

"मागच्या रविवारी मी घरातच होते," ती म्हणाली.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मशीनचा आवाज येत होता."

आणि त्या पाटावर बसल्या. बहिणीनं त्यांच्या ताटात कुठं काय वाढलंय ते बोटानं दाखवत एकेक सांगितलं, "हितं भाजी, हितं कोशिंबीर, भात मधे." मग तीही बसली आणि आम्ही जेवलो.